घंगाळातील आगबोट

नेरूळच्या एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा मुलांचा हट्ट, सासूसुनांची गाऱ्हाणी, नाहीतर लग्नकार्यातील वाढता खर्च हेच विषय असतात. या पत्राचा विषय मात्र अगदी निराळा निघाला. बाईंनी लिहिले होते: “आमच्या घरी आठ दिवसांपासून आजोबा आणि नातू एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर एक आगबोट. मामंजींचे वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईच्या एका गोदीच्या कारखान्यात त्यांची चौतीस वर्षे गेली. गेली दोन वर्षे ते जुन्या काळच्या चाकांच्या आगबोटीची प्रतिकृती करीत आहेत. माझा मुलगा अकरावीत आहे. तोच त्यांचा मदतनीस. बोट पुरी होत आली, तर मुलगा म्हणतो, ही पाण्यात सरळ उभी राहणार नाही. मामंजी म्हणतात, जन्मभर धातू हाताळला, मला काल जन्मलेल्या पोराने शिकवू नये. बोटीवर पंचा झाकला आहे आणि जेवणाचे टेबल अडले आहे. त्याहून वाईट म्हणजे मामंजींच्या हाताला अलीकडे कंप सुटतो. बोट आता पुरी झाली नाही तर ती कधीच होणार नाही, हे घरात सर्वांना कळते, पण बोलत कोणी नाही. आपण एकदा येऊन काय ते सांगावे.”

न्यायाधीशाची वस्त्रे आम्हांस शोभत नाहीत, आणि गोदीतील विद्येत तर आम्ही अगदीच अजाण. तथापि पत्रातील शेवटची ओळ आमच्या मनातून जाईना. एका रविवारी सकाळी आम्ही वाशीहून नेरूळला गेलो.

घर मोठे नांदते. दोघे भाऊ, दोघी जावा, चार मुले, आजोबा आणि आजीबाई असा परिवार एकाच मजल्यावरील दोन बिऱ्हाडे जोडून राहतो. दिवाणखान्याच्या खिडकीतून कारव्याच्या बाजूची झाडी आणि तिच्या पलीकडे खाडीच्या पाण्याची एक राखी रेघ दिसते. आजोबांनी आमचे स्वागत केले, चहा झाला, आणि मग काही न बोलता त्यांनी पंचा दूर केला.

वाचकहो, आम्ही खेळणे पाहावयास गेलो होतो. आम्हांस दिसले ते काही निराळेच. सुमारे पंचवीस इंच लांब आणि पाच इंच रुंद अशी सपाट तळाची नौका. दोन्ही कुशींना चार इंच व्यासाचे एक एक चाक, त्याच्या परिघावर लहान लहान फळ्या. चाकाच्या आऱ्या सायकलच्या तारांच्या, फळ्या सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत आली त्याच लाकडाच्या, आणि मध्यभागी घासून घासून आरशासारखे केलेले भरीव पितळेचे धुराडे. वरच्या मजल्यावरचा कठडाही पितळेचाच. मूळ बोट शंभर फुटांची कल्पिली आहे आणि प्रमाण फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, असे धरले आहे.

“ही कोणती बोट?” आम्ही विचारले. आजोबा म्हणाले, “कोणा एका नावाची नव्हे. सिंधू नदीवर ज्या जातीच्या बोटी चालत, त्या जातीची आहे. त्यांचे लोखंडी भाग विलायतेत घडून पेट्यांतून येत आणि आपल्या मुंबईच्या गोदीत जोडले जात. आम्हांला गोदीत जुने लोक सांगत, तेव्हापासून मनात होते.” मग जरा थांबून ते म्हणाले, “म्हणजे पाहा, मुंबईने त्या काळी खऱ्या आगबोटी अशाच सुट्या भागांतून जोडल्या. आम्ही तेच करतो आहोत, फक्त लहान.”

येथे वाचकांच्या सोयीसाठी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण चाकांची आगबोट हल्लीच्या पिढीने पाहिलेलीच नाही.

वाफेच्या जोरावर नाव हाकण्याचा पहिला यशस्वी धंदा अमेरिकेत फुल्टनने १८०७ मध्ये हडसन नदीवर केला. बोटीच्या कुशीला पाणचक्कीसारखे चाक लावावयाचे आणि पाण्याने चाक फिरण्याऐवजी चाकाने पाणी मागे लोटावयाचे, एवढीच कल्पना. आपल्याकडे १८२३ मध्ये कलकत्त्यास ‘डायना’ नावाची आगबोट पाण्यात उतरली, आणि १८२५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ ही बोट विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून ११३ दिवसांनी कलकत्त्यास पोहोचली. मुंबईने याला उत्तर दिले ते १८२९ मध्ये. नौरोजी जमशेटजी वाडिया हे तेव्हा गोदीचे मुख्य बांधकामदार. त्यांच्या देखरेखीखाली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची, ऐंशी ऐंशी अश्वशक्तीच्या दोन यंत्रांची चाकांची आगबोट येथेच बांधून पाण्यात सोडण्यात आली. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी तरुणपणी एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे यंत्र स्वतः बनवून त्यावर विहिरीचे पाणी चढविले आणि कारंजे उडविले. पुढे १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद होण्याचा मान मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. कारंज्याचे यंत्र पाहून तेव्हाही कोणी म्हणाले असेल, हा काय पोरखेळ!

समुद्रावर चाकांच्या बोटींचा जमाना फार टिकला नाही. १८४५ मध्ये विलायतेच्या आरमाराने दोन बोटी, एक चाकांची ‘अलेक्टो’ आणि एक मळसूत्री पंख्याची ‘रॅटलर’, शेपटीला शेपूट बांधून विरुद्ध दिशांना ओढावयास लावल्या. पंख्याच्या बोटीने चाकांच्या बोटीला फरफटत मागे नेले. परंतु नद्यांवर चाक पुढेही शंभर वर्षे चालले. पंख्याला पुरते पाणी लागते, चाकाला वीतभर पुरते; आणि आपल्या नद्या म्हणजे आज येथे पाणी तर उद्या वाळूचा दांडा. उथळ पाण्यात चाकच उपयोगी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात स्कॉटलंडातील डंबार्टन येथे बांधलेली ‘भोपाळ’ ही चाकांची आगबोट डागडुजी करून २०२२ मध्ये कोलकात्यात पुन्हा लोकांसमोर आली आहे. ज्यांना खरे चाक पाहावयाचे असेल त्यांनी हुगळीच्या काठी जावे.

असो. इतिहास ऐकून झाल्यावर आम्ही नातवाला बोलाविले. तो दाराआड उभा होताच. हातात वही. त्याने आजोबांकडे न पाहता आमच्याकडे पाहून हिशेब सांगितला, तो असा. प्रतिकृतीची लांबी अठ्ठेचाळीस पटींनी कमी केली, म्हणजे रुंदी आणि उंचीही तितकीच कमी झाली. तेव्हा वजन अठ्ठेचाळिसाच्या घनाने, म्हणजे एक लाख दहा हजार पाचशे ब्याण्णव पटींनी कमी व्हावयास हवे. खरी बोट अडीचशे टनांची धरली तर ही सव्वादोन किलोंची हवी. आईच्या स्वयंपाकघरातील काट्यावर ती अडीच किलो भरते. जास्तीचा पाव किलो सगळा वरच्या मजल्यावर आहे, पितळेच्या रूपाने. शिवाय बॅटऱ्याही मधल्या मजल्यावर. म्हणून ही बोट पाण्यात कलणार.

“आणि उपाय?” आम्ही विचारले.

“तळाशी वजन घालायचे. लोखंडी नट भरले की ती सरळ होईल.”

आजोबा इतका वेळ खिडकीकडे पाहत होते. ते म्हणाले, “धुराडे पितळेचेच असते. बोट कपाटात ठेवायची आहे, कोणी विहिरीत टाकणार नाही.” त्यांच्या बोलण्यात राग होता, तसा थोडा केविलवाणेपणाही होता. ते धुराडे त्यांनी स्वतः कातले होते; हाताला कंप सुटण्यापूर्वीचे त्यांचे ते शेवटचे सफाईदार काम. हे आम्हांस पुढे त्यांच्या सुनेने स्वयंपाकघरात हळूच सांगितले, आणि मग या आठ दिवसांच्या अबोल्याचा उलगडा झाला. भांडण वजनाचे नव्हतेच. नातू म्हणत होता, बोट कलेल. आजोबांच्या कानी पडत होते, तुमचा हात आता कामाचा नाही.

आम्ही म्हणालो, “हा वाद तोंडाने मिटणार नाही. घरात मोठे भांडे आहे का?” आजीबाई तोपर्यंत जपमाळ ओढीत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “माझ्या माहेरचे घंगाळ आहे की. तीन फूट रुंद आहे. तीन मुंजी आणि दोन लग्ने पाहिली त्याने. आता आगबोट पाहील.” दोघी सुनांनी मिळून ते तांब्याचे घंगाळ गॅलरीत आणले आणि बादल्यांनी पाणी भरले. घरातील सर्व मंडळी जमली. आजोबांनी बोट दोन्ही हातांनी धरून स्वतः पाण्यावर ठेवली, आणि हात काढून घेतला.

बोट एका कुशीवर कलली. अगदी पालथी झाली नाही, पण डाव्या बाजूचे चाक खोल बुडाले आणि उजवे हवेत राहिले. नातवाने कळ दाबली तेव्हा डावे चाक पाणी ओढू लागले, उजवे नुसते गरगरले, आणि बोटीची नाळ वळून घंगाळाच्या काठावर आपटली. धाकटी मुले हसली. आजोबांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून आम्ही मान फिरविली. इतके सांगितले पाहिजे की नातू हसला नाही.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. समुद्रावर चाकांच्या आगबोटींचे हेच दुखणे होते. लाटेने बोट डोलली की एक चाक बुडे आणि दुसरे उघडे पडे. यंत्राला हिसके बसत, आणि बोट सरळ चालेना. पुस्तकात हे वाक्य आम्ही वाचलेले होते. घंगाळात ते आम्ही पाहिले.

आता नातवाची पाळी. त्याने बोट उचलली, तळाचे झाकण काढले आणि आठशे ग्रॅम नट मोजून भरले. बोट सरळ उभी राहिली. मुलाचा चेहरा उजळला. पण आजोबा खाली वाकले आणि चाकाकडे पाहू लागले. पहिल्या आखणीत चाकाच्या खालच्या फळ्या पाण्यात जेमतेम अर्धा इंच बुडावयाच्या होत्या. आता बोट अर्ध्या इंचाहून अधिक खाली बसली होती, आणि फळ्या दुप्पट खोल गेल्या होत्या. “चालव,” आजोबा म्हणाले. आठ दिवसांतील त्यांचा नातवाशी हा पहिला शब्द.

बोटीच्या शेपटीला दोरा बांधून तो भाजीच्या लहान स्प्रिंगकाट्याला अडकविला होता, म्हणजे ओढ किती ते कळावे. चाके फिरू लागली, तशी मोटर कण्हू लागली. फळ्या पाणी मागे लोटण्याऐवजी वर उचलू लागल्या. गॅलरीभर तुषार उडाले. काटा मात्र हलला न हलला. थोड्याच वेळात मोटर गरम झाली आणि नातवाने ती बंद केली.

मग आजोबा बोलू लागले, आणि ‘ह्यू लिंडसे’ची उरलेली हकिगत त्यांच्या तोंडून आम्ही ऐकली. ती बोट १८३० च्या मार्च महिन्याच्या २० तारखेला मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि एडनचा प्रवास होता अकरा दिवसांचा. तेव्हा काय केले, तर उतारूंच्या खोल्यांत, बैठकीच्या दालनात, जेथे जागा मिळेल तेथे कोळसा भरला. बोट इतकी खाली बसली की चाके पाण्यात खोल रुतली आणि वेग मंदावला. वेग मंदावला म्हणून दिवस वाढले, आणि दिवस वाढले म्हणून कोळसा अधिक लागला. एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. २२ एप्रिलला ती सुएझला लागली. “कप्तान विल्सन शहाणा म्हणून निभावले,” आजोबा म्हणाले. “बाळ, हिशेब तुझा बरोबर आहे. उपाय चुकला. बोटीला वजन घालून सरळ करायचे नसते. वरचे काढून सरळ करायचे असते.”

नातू खाली मान घालून म्हणाला, “पण मग धुराडे…”

आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पकड मागितली. हात कापत होता, म्हणून नातवाने बोट घट्ट धरली, आणि आजोबांनी आपल्याच हाताने धुराड्याचे दोन स्क्रू फिरवून ते काढले. मग कठडा काढला. बॅटऱ्या मधल्या मजल्यावरून काढून अगदी तळाशी, मध्यावर बसविल्या. धुराड्याच्या जागी जाड कागदाची नळी गुंडाळून उभी केली. नट बाहेर काढले. काट्यावर वजन सव्वादोन किलोंच्या आतबाहेर भरले. बोट पुन्हा पाण्यावर ठेवली, ती सरळ राहिली. फळ्या अर्धा इंच बुडाल्या. आणि कळ दाबताच दोरा ताठ झाला, काटा झरझर सरकला. घंगाळातील पाणी मागच्या काठावर चढले. त्या वेळी आजीबाईंनी जे “अगो बाई!” म्हटले, त्याहून मोठा जयजयकार मुंबईच्या गोदीतही झाला नसेल.

हे सर्व आम्ही इतक्या विस्ताराने सांगितले याचे कारण असे. प्रतिकृती म्हणजे शोभेची वस्तू, असा समज आपल्या घरांत फार पसरलेला आहे. तो खरा नव्हे. विल्यम फ्रूड या इंग्रज यंत्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लहान नौका पाण्यात ओढून मोठ्या नौकेला किती जोर लागेल हे काढण्याचा नियम बसविला. त्याच्या नियमाने वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. अठ्ठेचाळिसाचे वर्गमूळ सात धरा. खरी बोट ताशी सात सागरी मैल चालत असेल तर लहान बोट ताशी एकच मैल, म्हणजे सेकंदास सुमारे अर्धा मीटर, चालली पाहिजे. याहून वेगाने चालणारी प्रतिकृती दिसावयास गमतीची, पण ती खोटी. ज्या डंबार्टनला ‘भोपाळ’ बांधली, तेथेच १८८३ मध्ये एका जहाजबांधणी कारखान्याने मेणाच्या नौका तपासण्यासाठी शंभर मीटर लांबीचे पाण्याचे टाके बांधले. ते आज संग्रहालय म्हणून जपले आहे. आमच्या पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेल्या जलसंशोधन केंद्रात तर नद्या, खाड्या आणि बंदरे यांच्याच प्रतिकृती करितात. या खिडकीतून ज्या बाजूला १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर आहे, त्याच्या पाण्याचा, गाळाचा आणि भरतीओहोटीचा अभ्यासही तेथे अशाच प्रतिकृतींवर झालेला आहे. तेव्हा घंगाळ हसण्यावारी नेऊ नये. चूक करावयाचीच असेल तर ती घंगाळात करावी. समुद्रात ती महाग पडते.

दुसरी गोष्ट नव्या मुंबईकरांसाठी. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या गावांतून हे शहर उभे राहिले. आम्ही येथे रस्त्याने आणि रेल्वेने आलो, म्हणून आम्हांस वाटते की ही भूमीच मुळी पुलाने जन्मास आली. परंतु बोरघाटातून रेल्वे जाण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आधी नावेत बसून पनवेलच्या बंदरी उतरे आणि मग घाट चढे. ज्या १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ सुएझला गेली, त्याच साली माल्कम साहेबांच्या कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. एक वाट पश्चिमेला समुद्रावरून, दुसरी पूर्वेला घाटावरून. आणि या दुसरीचा पहिला टप्पा आपल्या दाराशी असलेल्या या खाडीचा. २०२२ मध्ये बेलापूरच्या धक्क्यावरून मुंबईला जलवाहतूक सुरू झाली तेव्हा पुष्कळांना ती नवलाई वाटली. वस्तुतः ती जुन्या वाटेचीच आठवण होती. कारव्याला १९९३ पासून ‘चाणक्य’ ही नौकाशिक्षणाची संस्था आहे. १९२७ ची ‘डफरिन’ आणि १९७२ ची ‘राजेंद्र’ या शिक्षणनौकांची परंपरा तिने पुढे चालविली. त्या शुभ्र गणवेशातील मुलांना नेरूळच्या रस्त्यावर पाहत वाढलेला हा नातू आगबोटीच्या नादी लागला, यात नवल ते काय?

ज्या घरांत असा उद्योग करावयाचा असेल त्यांना चार शब्द सांगून ठेवितो. पहिले, भांडवल थोडे लागते. धीर फार लागतो. पांगारा, पातळ पत्रा, सायकलच्या तारा आणि खेळण्यातील मोटर एवढ्यावर भागते. दुसरे, डाख देताना खिडक्या उघड्या ठेवाव्या, लहान मुलांस जवळ बसवू नये, आणि लाकूड घासताना नाकातोंडावर फडके बांधावे. डाखाच्या शिशाचा स्पर्श झालेले हात साबणाने धुतल्याशिवाय जेवावयास बसू नये. तिसरे, जेवणाच्या टेबलावर हा संसार मांडू नये. गृहिणीच्या तक्रारीचा तेवढा भाग सर्वस्वी न्याय्य होता, आणि आम्ही तसे त्या घरी स्पष्ट सांगितले. गॅलरीत एक फळी ठोकली की काम होते. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे: एक वही ठेवावी. कोणते माप कोठून घेतले, कोठे चित्रावरून काढले आणि कोठे केवळ अदमास केला, हे तारखेनिशी लिहावे. सुंदर दिसावे म्हणून केलेली गोष्ट आणि खरी होती म्हणून केलेली गोष्ट यांतील फरक करणाऱ्याला आज माहीत असतो. पन्नास वर्षांनी तो कोणालाच माहीत नसतो.

वडील माणसांस आमचे एक नम्र सांगणे आहे. घरातील पोराचा हिशेब बरोबर निघाला तर तो आपला अपमान नव्हे. आपण दिलेल्या विद्येला आलेले ते फळ. आणि मुलांसही सांगतो, की हिशेब बरोबर आला म्हणजे सारे समजले असे नाही. वजन किती हे वहीत कळते. ते कोठे ठेवावे हे ज्याने जन्मभर वजने उचलली त्यालाच कळते. एकत्र कुटुंबात ही दोन्ही माणसे एकाच छपराखाली राहतात, आणि बहुधा एकमेकांस विचारीत नाहीत. आजोबांचा हात किती दिवस चालेल हे कोणी सांगावे? म्हणून ज्यांच्या घरी असा हात असेल त्यांनी दिवाळीची, सुट्टीची किंवा परीक्षा संपण्याची वाट पाहू नये.

आम्ही निघालो तेव्हा ते पितळेचे धुराडे नातवाने आपल्या अभ्यासाच्या टेबलावर, पेन्सिली ठेवावयाच्या जागी उभे करून ठेवलेले आम्हांस दिसले. ते पोकळ नसल्यामुळे पेन्सिली त्यात राहत नाहीत; त्या बाजूला पडल्या होत्या.

परवा त्या भगिनींचे दुसरे पत्र आले. बोट पुरी झाली. घंगाळ मात्र अजून गॅलरीतच आहे, कारण आता आजोबांना पाती वळविणारे चाक करून पाहावयाचे आहे. फळी पाण्यात शिरताना आणि निघताना उभी राहावी, म्हणजे ती पाणी थापटीत नाही आणि उचलीतही नाही. त्यासाठी चाकाच्या आसाशेजारी दुसरा आस थोडा सरकवून बसवावा लागतो. आखणी आजोबा सांगतात, रेघा नातू ओढतो. जेवणाचे टेबल अद्याप मोकळे झालेले नाही. त्याबद्दल त्या भगिनींनी आम्हांस क्षमा करावी.